चमचाभर दुधाची बखर

उपनगराला इतिहास नसतो, अशी शहरातल्या माणसांची समजूत आहे. गिरगावला इतिहास आहे, दादरला आहे, फोर्टात तर तो दगडोदगडी आहे. आम्हा मुलुंड-बोरिवलीकरांच्या वाट्याला फक्त रेल्वेचं वेळापत्रक! पण वाचकहो, हे काही खरं नाही. उपनगरालाही इतिहास आहे आणि तो मी सनावळीसकट सांगू शकतो. अडचण एवढीच, की त्यात एकही लढाई नाही आणि एकही तह नाही. त्यात आहे ते दूध.

आमच्या इतिहासाचा आरंभ १९४९ सालापासून धरावा, असं माझं नम्र मत आहे. त्या साली गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहू लागली. मुंबईच्या गल्लीबोळांतले म्हशींचे गोठे उचलून इथल्या हिरव्या रानात आणायचे आणि शहराला स्वच्छ, निर्भेळ दूध पुरवायचं, अशी ती योजना. दारा खुरोडी यांनी ती तडीस नेली. १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या जोडीनं त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. म्हणजे जागेच्या टंचाईला कंटाळून शहरातून उपनगरात राहायला आलेल्या आद्य मंडळींत म्हशी होत्या. आम्ही मागाहून आलो, आणि आम्हाला त्यांच्याएवढी ऐसपैस जागा काही मिळाली नाही.

या दुधानं आम्हाला रांग शिकवली. पहाटे अंधारात दूध केंद्र उघडायचं. आत कॉलेजात जाणारी मुलं-मुली दोन पैसे मिळवण्यासाठी बाटल्या मोजून देत उभी असायची आणि बाहेर हातात रिकाम्या बाटल्या आणि दुधाचं कार्ड घेतलेले आम्ही. ज्याच्याकडे कार्ड तो गृहस्थाश्रमी, बाकीचे सगळे पाहुणे, असा तो काळ होता. ज्यांना उभं राहणं जमत नसे ते आपल्या जागी वीट ठेवून जात. विटेच्या पुढं कोणी घुसलं तर मागची वीट भांडायला उठत नसे, पण तिचा मालक कुठूनतरी बरोब्बर प्रकट होई. पांडुरंगानंतर विटेला एवढा मान आमच्या दूध केंद्रावरच मिळाला.

रांगेनं आम्हाला चौकसपणा दिला. घरातल्या बाईमाणसाला दूध फसवू शकत नसे. दुधाचा थेंब उतरत्या पाटीवर सोडायचा. तो रेंगाळत, मागं पांढरा माग ठेवत गेला तर दूध बरं, आणि सुसाट निघून गेला तर गवळ्याची विहीर जवळ आहे असं समजायचं. वाण्याच्या तराजूच्या खाली चिंच चिकटवलेली आहे का, हे आमच्या आईला पाच पावलांवरून कळायचं. महागाई फार झाली तेव्हा, १९७२ साली, याच बायकांनी लाटणी उचलली. महागाई प्रतिकार संयुक्त समितीच्या त्या मोर्च्यांच्या पुढं मृणाल गोरे होत्या, आणि त्या आमच्या गोरेगावच्या. लाटण्याचा उपयोग घराबाहेरही होतो, हा शोध उपनगरातल्या सत्ताधाऱ्यांना आणि नवऱ्यांना एकदमच लागला. पुढं १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजाऱ्यांनी मिळून संघ करावा, महिन्याचं वाणसामान एकत्र मागवावं आणि आपसांत वाटून घ्यावं. तूरडाळीत खडा निघाला तर कुणाला धरायचं, हे ठरलेलं असे. १९८६ साली सरकारनं ग्राहक संरक्षण कायदा केला. तोवर आमच्या घरांतून तो तोंडी अमलात होता.

अशा या हिशेबी, मोजूनमापून घेणाऱ्या उपनगरावर २१ सप्टेंबर १९९५ चा गुरुवार उजाडला.

त्या दिवसाची पार्श्वभूमी ध्यानात घ्या. गणपती विसर्जनाला दोन आठवडेही झाले नव्हते. वर पितृपक्ष चालू. म्हणजे पंचांगाप्रमाणं ही पाळी कावळ्यांची. अशा वेळी दिल्लीतल्या एका देवळात पहाटेच्या आधीच कुणीतरी गणपतीच्या सोंडेला दुधाचा चमचा लावला, आणि चमचा रिकामा झाला. देव दूध प्याला! ऑफिसला जाणाऱ्या माणसाची दाढी होते न होते तोवर ही बातमी मुलुंडला येऊन पोचलेली होती.

ती कशी आली, हे मला आजही मोठं नवल वाटतं. देशातलं मोबाइलवरचं पहिलं बोलणं त्याच वर्षी ३१ जुलैला कलकत्ता आणि दिल्ली यांच्यात झालं होतं. इंटरनेट सामान्य माणसाला खुलं झालं ते १५ ऑगस्टला. म्हणजे दोन्ही यंत्रं अजून पाळण्यातच होती. सकाळची वर्तमानपत्रं बिचारी आदल्या रात्रीच छापून मोकळी झालेली. त्यांत त्या दिवसाची सगळी बातमी होती, एवढी एक सोडून. आमच्या सोसायटीत तेव्हा बारा बिऱ्हाडांत चार फोन. ते चारही सकाळी आठपासून खणखणू लागले. घाटकोपरच्या आत्यानं बोरिवलीच्या मावशीला कळवलं, मावशीनं अंधेरीच्या वन्संना, आणि वन्संनी आमच्या शेजाऱ्यांना. राँग नंबर लागला तरी लोक बातमी देऊन मगच फोन ठेवत होते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना तर एका अनोळखी गृहस्थानं 'आपण कोण?' हे विचारण्याआधी 'पाजलंत का?' असं विचारलं.

कोपऱ्यावरच्या डेअरीतलं दूध अकराच्या आत संपलं. दिल्लीत त्या दिवशी दुधाचा खप तीस टक्क्यांहून अधिक वाढल्याचं पुढं छापून आलं. आमच्या भागाचा आकडा कुणी काढला नाही, पण त्या दुपारी सबंध इमारतीनं काळा चहा प्यायला, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. देवळाबाहेरची रांग वळसे घेत पार रेशनच्या दुकानापर्यंत गेली होती. मी त्या रांगेकडे बघत उभा राहिलो आणि माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. रांगेतले चेहरे सगळे दूध केंद्रावरचे होते. तीच माणसं, त्याच पिशव्या, तीच 'अहो, मागं या, मागं या'ची आरडाओरड. पण आयुष्यभर ही मंडळी काहीतरी घेण्यासाठी रांगेत उभी राहिली होती: दूध, रॉकेल, साखर, गॅस, रेल्वेचा पास. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळेजण काहीतरी देण्यासाठी उभे होते. त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मी रॉकेलच्या रांगेत कधी बघितलेला नाही. म्हणून त्या रांगेला नुसतं हसून मोकळं होणं मला जमलं नाही, आणि अजूनही जमत नाही.

मात्र समोर एवढी गर्दी असताना आमच्या गल्लीतली मांजरं तिकडे फिरकली नाहीत. ती देवळाच्या मागच्या मोरीपाशी बसून होती. मांजरं फोनवर विसंबत नाहीत.

संध्याकाळपर्यंत ही बातमी लंडनच्या साउथहॉलपर्यंत जाऊन तिथल्या देवळातही चमचे पुढं झाले होते. इकडे दिल्लीत केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तेच करून बघितलं. चमचा रिकामा झाला, आणि दुधाचा रंगीत ओघळ मूर्तीच्या अंगावरून खाली उतरलेला दिसला. कारण साधं होतं. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा असतो. भरलेला चमचा जरा कलता करून त्याची कड मूर्तीला टेकवली, की तो पडदा तिथं फुटतो, दूध मूर्तीला चिकटतं, आणि मग पातळसा थर होऊन खाली निघून जातं. मूर्ती पांढऱ्या संगमरवराची असेल तर तो दिसतसुद्धा नाही. आता खरं सांगा, हे कुणाला ठाऊक नव्हतं? पातेल्यातून कपात दूध ओतताना ते कपात न जाता पातेल्याच्या बुडाकडे पळतं, हे बघत आमच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. या न्यायानं आमचं पातेलं तीस वर्षं दूध पीत होतं, पण त्याला कुणी हार घातला नव्हता. दुधाच्या थेंबाचा माग बघून गवळ्याची लबाडी पकडणाऱ्या बायकांनी देवासमोरच्या थेंबाचा माग तेवढा बघितला नाही.

तो बघितला आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलीनं. ती तेव्हा आठवीत होती. तिच्या आजीनं देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीला पाटावर बसवलं होतं आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. दोन चमचे झाले. तिसऱ्याला ही पोरगी म्हणाली, "आजी, खाली वाटी ठेवू?"

खोलीत एकदम शांतता पसरली. मुलीच्या आईनं डोळे वटारले. एक काका म्हणाले, "देवाची परीक्षा घेऊ नये गं." आजीनं नातीकडे बघितलं, आणि म्हणाली, "ठेव की. देवाला वाटीचं कसलं आलंय भय?"

वाटी ठेवली. पाच-सहा चमच्यांनी वाटीत दूध दिसायला लागलं. सगळे आजीच्या तोंडाकडे बघत होते. आजीनं ती वाटी उचलली, डोळ्यांना लावली आणि नातीच्या हातात दिली. "घे. त्यानं तुला परत दिलं. प्रसाद आहे, सांडू नकोस."

त्या दिवसावर मी पुढं बरेच लेख वाचले, सोंडेच्या बाजूचे आणि चमच्याच्या बाजूचेही. पण आजीच्या त्या दोन वाक्यांएवढं शहाणं काही माझ्या वाचनात आलं नाही. तिची भक्ती वाटीनं उणी झाली नाही आणि नातीचा प्रश्न भक्तीनं दाबला नाही. एका दहा बाय बाराच्या खोलीत दोघी सुखानं नांदल्या.

बाहेरच्या जगात मात्र असं घडतंच असं नाही. 'वाटी ठेवू का?' हाच प्रश्न गावोगाव विचारत फिरणारे नरेंद्र दाभोलकर १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करत होते. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात, फिरायला गेले असताना, त्यांना गोळ्या घालून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली होती. त्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर काही दिवसांत निघाला. विनोदी लेखात हे कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण दुधाची बखर लिहायची तर जिथं दूध नासलं ते पान फाडून कसं चालेल?

आणि १९९५ वर ही बखर संपतही नाही. १८ ऑगस्ट २००६ ला माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोड झाल्याची आवई उठली. कुणी ती मखदूम शाह बाबांची कृपा म्हटली. लोकांनी ते पाणी ओंजळीनं प्यायलं, बाटल्या भरून घरी नेलं. पालिकेनं पिऊ नका म्हणून विनवलं. आता माहीमच्या खाडीत पावसाळ्यात गोडं पाणी येतं कुठून? आमच्याकडून! मिठी नदी निघते विहार-पवई तलावांच्या सांडव्यापासून. मग साकीनाका, कुर्ला करत, वाटेतले कारखाने, गोठे आणि गटारं यांची विचारपूस करत ती माहीमला जाते. एका वर्षापूर्वीच, २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा हीच मिठी घराघरांत शिरली होती, आणि तेव्हा तिला कुणी तीर्थ म्हटलं नव्हतं. नळाला फिल्टर लावून, वर पाणी उकळून पिणारी माणसं ते पाणी प्यायली. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच देव पुन्हा दूध प्यायला लागल्याची बातमी आली. या खेपेला फोन फार होते, त्यामुळं रांगा लवकर लागल्या.

आता तर फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि बातमी द्यायला तोंडसुद्धा उघडावं लागत नाही. आत्या, मावशी आणि वन्सं यांचा मिळून एकच ग्रुप आहे. त्यावर रोज सकाळी देव येतात, औषधं येतात, साडीचे सेल येतात आणि 'अकरा जणांना पाठवा'ही येतं, सगळं एकाच रांगेत, विटा न ठेवता. परवा तिथं समुद्राचं पाणी गोड झाल्याची बातमी आली. सगळ्यांनी हात जोडले. मी बारकाईनं वाचलं तर ती २००६ सालची होती.

आमच्या घरात अजूनही दुधाची पिशवी हातात घेतली की आधी तिच्यावरची तारीख बघतात. कालची निघाली तर दुकानदाराला परत देऊन येतात, मग तो कितीही ओळखीचा असो. माझं सगळ्या आत्या-मावश्यांना एवढंच सांगणं आहे, की बातमीही दुधासारखीच नाशवंत आहे. तिच्यावर तारीख छापलेली नसते, ती विचारून घ्यावी लागते.