हौद्यातली माणसे

द्राक्षांचे क्रेट, कांद्याच्या गोण्या आणि पहाटे बागेच्या कामाला निघालेले मजूर, हे सारे एकाच जातीच्या गाडीतून जाताना पाहण्याची आपल्या नाशिककरांच्या डोळ्यांना इतकी सवय झाली आहे की, त्यात काही वावगे आहे असे आपल्याला वाटेनासे झाले आहे. ती गाडी म्हणजे पिकअप. तिच्या सुरक्षिततेचा इतिहास आज आपण थोडा चाळू.

मजबूत गाडी म्हणजे न वाकणारी गाडी, असा फार दिवस समज होता. बेला बारेनी या मर्सिडीजच्या अभियंत्याने तो उलटा केला. गाडीचे नाक खुशाल चेपावे, माणसे बसतात ती जागा मात्र चेपता कामा नये, हा त्याचा विचार. कारण न वाकणारे लोखंड धक्का गिळत नाही. तो थेट आतल्या माणसाच्या छातीपर्यंत पोचवते. १९५९ पासून मर्सिडीजने मोटारी मुद्दाम आदळून पाहण्यास आरंभ केला. पुढे अमेरिकन सरकारही असे निकाल लोकांपुढे ठेवू लागले.

आपल्या गावाशी या कथेचा संबंध निकटचा आहे. ग्लोबल एनकॅप ही संस्था ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडीच्या तोंडाचा ४० टक्के भाग अडथळ्यावर आदळते आणि आत बसवलेल्या पुतळ्यांना किती इजा झाली ते मोजते. २०१६ साली नाशिकला बनणाऱ्या स्कॉर्पिओचा एअरबॅग नसलेला नमुना या परीक्षेला बसला. तारे मिळाले शून्य. २०२० साली नाशिकच्याच एक्सयूव्ही ३०० ला पाच मिळाले. अवघ्या चार वर्षांत! मन लावले तर हेच हात काय करतात, याचा दुसरा पुरावा कशाला हवा?

मग पिकअपचे काय? १ ऑक्टोबर २०२३ पासून देशाची स्वतःची भारत एनकॅप ही तारांकन योजना सुरू झाली, पण ती प्रवासी मोटारींसाठी. पिकअप पडली मालवाहू वर्गात, म्हणून ती या ताऱ्यांच्या बाहेर राहिली. समजा, उद्या तिलाही तारे मिळाले. तरी पुतळे बसवणार केबिनमध्येच. हौद्यात पुतळा बसवून चाचणी कोणी घेत नाही. तिथे ना आसन, ना पट्टा. कायद्याच्या लेखी तिथे माणूस नसतोच.

जानेवारी २०२५ मध्ये द्वारकेच्या उड्डाणपुलावर माणसे भरलेला टेम्पो लोखंडी सळ्यांच्या ट्रकवर मागून आदळला आणि कित्येक जीव गेले. त्यानंतर चालकांवर, पोलिसांवर, मालकांवर पुष्कळ बोलले गेले. ते रास्तच होते. पण पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरचा मजूर हौद्यात चढतो तो हौसेने नव्हे. बागेत पोचायच्या वेळेला त्याच्या पाड्यावरून दुसरी गाडीच निघत नाही.