नापास झालेला मेंडेल

नववी-दहावीच्या घराघरांत सध्या एकच जप चालू असेल: ३:१, ९:३:३:१. ही गुणोत्तरं ज्यानं दिली तो ग्रेगोर मेंडेल स्वतः परीक्षेत नापास झाला होता, हे किती जणांना माहितीये?

१८५० सालची शिक्षकांची पात्रता परीक्षा. प्राणिशास्त्रातच गडी कमी पडला! त्याच्या मठाधिपतींनी मात्र त्याला व्हिएन्ना विद्यापीठात शिकायला पाठवलं. तिथून गणित, भौतिकशास्त्र शिकून आल्यावर १८५६ पासून त्यानं मठाच्या बागेत वाटाणे लावले आणि चक्क मोजले. दुसऱ्या पिढीची १०६४ झाडं: ७८७ उंच, २७७ बुटकी. म्हणजे नेमकं ३:१ नाहीच, जवळपास! असं का, हे कळलं की धडा कळला.

१८६६ साली निबंध छापला गेला, फारसं कुणी बघितलं नाही. १८८४ ला मेंडेल गेला. जगाला जाग आली १९०० साली.

म्हणून उजळणी घेताना नुसतं गुणोत्तर विचारू नका. पोरांना दोन नाणी शंभर वेळा एकत्र उडवायला सांगा. दोन्ही काटे पडले तरच झाड बुटकं. मग मोजू द्या.

आणि मार्क कमी पडलेच, तर त्या मठाधिपतींसारखं वागा.