छापखानदाराची सामग्री

एकोणिसाव्या शतकातील मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिताना ग्रंथकारांची चरित्रे विस्ताराने येतात, त्यांच्या मतांवरून माजलेल्या वादांचाही यथास्थित परामर्श घेतला जातो. परंतु ज्या कारखान्यांतून ते ग्रंथ बाहेर पडले, त्यांच्या मालकांजवळ कोणती हत्यारे होती, ती त्यांनी कोठून पैदा केली आणि त्यांचा जमाखर्च कशाच्या बळावर जुळत असे, याची विचारपूस क्वचितच होते. वस्तुतः मुंबई-पुण्याचे आरंभीचे छापखाने हे अल्प भांडवलाचे, कारागिरीच्या जोरावर चालणारे धंदे होते. आणि त्यांतले जे तगले, त्यांच्या पाठीशी हत्यार घडविण्याची घरची विद्या आणि दरसाल हमखास उठणारा माल या दोन गोष्टी असत, असे त्यांचा वृत्तान्त पाहता दिसून येते.

या दोहोंपैकी केवळ पहिलीच हाती असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण मिरजेस सापडते. तेथील संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून भगवद्गीता छापण्यात आली. काम करणारा कारागीर पुण्यात इंग्रज वकील मॅलेट याच्या पदरी खोदकाम शिकलेला होता. कसब होते, धातू होता, राजाश्रयही होता. परंतु एका ग्रंथासाठी कोरलेला पत्रा दुसऱ्या ग्रंथाच्या उपयोगी पडत नाही, आणि पुण्यप्राप्तीसाठी काढलेल्या पोथीस गिऱ्हाईक शोधण्याचे प्रयोजन नसते. त्यामुळे तो उद्योग प्रशंसनीय असूनही त्यातून धंदा निर्माण झाला नाही.

तो निर्माण केला मुंबईच्या गणपत कृष्णाजी यांनी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील सुबक पुस्तके पाहून, आपल्या धर्माचे ग्रंथही असेच छापावेत, अशी इच्छा या उद्योगी गृहस्थास झाली. मात्र विलायतेहून यंत्र आणविण्याइतके द्रव्य जवळ नव्हते. गोविंद नारायण माडगांवकर यांनी आपल्या ‘मुंबईचे वर्णन’ या १८६३ सालच्या ग्रंथात त्यांच्या खटपटीची हकीकत दिली आहे, तीवरून असे दिसते की त्यांनी प्रथम लाकडी दाबयंत्र स्वहस्ते तयार केले, शिळाछापास उपयोगी पडतील असे दगडाचे लहान तुकडे शोधले, शाईही घरीच बनविली आणि मग प्रयोगास आरंभ केला. लोखंडी यंत्र आले ते पुढे, धंद्याचा जम बसू लागल्यावर. शाईत चरबी असेल या भयाने सोवळी मंडळी छापील कागदास शिवत नसत, म्हणून त्यांनी धर्मग्रंथांच्या शाईत तूप वापरले, अशीही कथा सांगतात. ती अक्षरशः खरी मानली वा न मानली तरी, गिऱ्हाइकाच्या मनातील अढी कारखान्यातच सोडवावी लागते, हे त्या काळच्या छापखानदारास उमगले होते, एवढे तीतून निष्पन्न होते.

परंतु गणपत कृष्णाजींची खरी व्यवहारदृष्टी दिसते ती त्यांनी छापण्यास निवडलेल्या मालात. १८३१ साली त्यांनी पंचांग छापले. पंचांग ही वस्तू अशी आहे की जोशीबुवांपासून सावकारापर्यंत कोणासही तिच्यावाचून चालत नाही, आणि वर्ष सरताच ती निरुपयोगी होऊन नवी घ्यावी लागते. काव्यग्रंथ एकदा घेतला म्हणजे तीन पिढ्या पुरतो; पंचांगाची मागणी मात्र चैत्र जवळ आला की नव्याने उभी राहते. छोट्या कारखानदारास यापेक्षा विश्वसनीय आश्रयदाता कोठे मिळणार?

हीच परंपरा अधिक योग्यतेने चालविली ती जावजी दादाजी यांनी. १८३९ साली गरीब कुटुंबात जन्मलेला हा मुलगा वयाच्या दहाव्या वर्षी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपयांवर खिळे घासण्याच्या कामास लागला. हे काम वरवर पाहता हलके वाटते, परंतु त्यातच या विद्येचे मर्म आहे. प्रथम पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरून ठसा तयार करावयाचा. तो पाणी देऊन कठीण करावयाचा व तांब्याच्या तुकड्यावर ठोकून मातृका घ्यावयाची. ती साच्यात बसवून शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस पळीने ओतावयाचा. साच्यातून निघालेल्या खिळ्यास शेपूट असते, कडा खरबरीत असतात. शेपूट मोडून, बाजू दगडावर घासून तो खिळा शेजारच्या खिळ्याशी तंतोतंत जुळेल असा करावा लागतो. कारण एखादा केसभर उंच राहिला तर कागदास भोक पडते, आणि ठेंगणा झाला तर त्याचे अक्षर पुसट उठते. ज्या मुलाने वर्षानुवर्षे बोटांनी ही उंची चाचपली, त्याच्या दृष्टीस पुढे सदोष अक्षर सहन झाले नाही, यात नवल नाही.

त्या छापखान्याचे व्यवस्थापक टॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी खिळ्यांच्या सुधारणेत विशेष परिश्रम केले होते, त्यामुळे जावजींना तेथे उत्तम गुरुकुलच लाभले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला, आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी हत्यारांचा कारखाना, मागाहून हत्यारे वापरण्याचा. ठसे कोरण्यास त्यांना राणोजी रावजी आरू यांच्यासारखा असामान्य कारागीर मित्र लाभला, ज्याच्या हातची वळणे पुढे देवनागरी मुद्रणात आदर्श मानली गेली. इंग्रजी जुळाऱ्यास थोड्या घरांच्या पेटीवर भागते. देवनागरीत जोडाक्षरे, वरच्या मात्रा, खालचे उकार मिळून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागतात, आणि जुळाऱ्यास अनेक पेट्यांच्या मध्ये उभे राहून, डाव्या हातातील स्टिकमध्ये उलटी ओळ रचावी लागते. अशा लिपीत खिळे परक्याकडून विकत घेणारा छापखाना एखादे जोडाक्षर कमी पडताच अडून बसे. ज्याची ओतशाळा घरची, त्याचे काम खोळंबत नसे, शिवाय इतर छापखान्यांस खिळे विकून चार पैसे पदरात पडत.

निर्णयसागराने पंचांगही काढले, आणि त्या नावाची ख्याती घरोघर पोचली ती बहुतांशी त्याच्याच द्वारे. १८८६ साली सुरू झालेल्या ‘काव्यमाले’ने, जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली, संस्कृत काव्यनाटके शुद्ध रूपात विद्वानांपुढे ठेवली, व त्या मालेने या छापखान्याचे नाव देशोदेशीच्या पंडितांत दुमदुमविले. परंतु अशा मोजक्या विद्वानांपुरत्या मालेस हात घालण्याची ताकद ज्या धंद्यात येते, त्याच्या वहीत बाराही महिने लहानसहान रकमा जमा होत असल्या पाहिजेत, हे सांगण्यास हिशेबनीस लागत नाही.

ज्यांच्यापाशी पंचांगासारखा माल नव्हता, त्यांनी निराळ्या युक्त्या योजल्या. ग्रंथ छापण्यापूर्वी जाहिरात काढून आगाऊ वर्गणीदार मिळवावयाचे, कागदाची रक्कम त्या वर्गणीतून उभी करावयाची, आणि पुस्तकाच्या शेवटी आश्रयदात्यांची नामावली गावांसह छापून त्यांचा बहुमान करावयाचा, ही पद्धत दीर्घकाळ चालली. ग्रंथलेखनास उत्तेजन देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीचे पारितोषिक मिळाले तर ग्रंथकारासह छापणाऱ्याचाही भार हलका होई. १८६७ च्या कायद्याने छापखानदारावर मॅजिस्ट्रेटासमोर प्रतिज्ञापत्र करण्याचे, प्रत्येक पुस्तकावर आपले नाव व ठिकाण घालण्याचे आणि सरकारात प्रती दाखल करण्याचे बंधन आले. हा जाच खराच. पण दप्तरात प्रती दाखल करण्याच्या या सक्तीमुळेच तत्कालीन मराठी मुद्रणाची नोंद आज उपलब्ध आहे. तालुक्याच्या गावचा छापखाना मात्र यांपैकी कशावरही जगला नाही. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, कोर्टाचे व म्युनिसिपालिटीचे छापील नमुने आणि नाटक मंडळ्यांची हस्तपत्रके, या फुटकळ कामांनी त्याच्या नोकरांचा रोजमुरा भागविला.

पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह १८७८ साली चित्रशाळा काढली, तीही याच विवेकाने. देवादिकांची आणि इतिहासपुरुषांची रंगीत चित्रे शिळाछापाने काढून अल्प किमतीत विकावयाची, म्हणजे अभिरुचीही सुधारते आणि वर्तमानपत्रासारखी वर्गणी थकत नाही.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईस काढलेल्या छापखान्यात जर्मनीची यंत्रे होती, जर्मन तंत्रज्ञ होते, आणि चित्रे तर खुद्द रविवर्म्यांची; या दृष्टीने त्या काळी त्याला तोड नव्हती. तरीही काही वर्षांतच तो कर्जाच्या ओझ्याखाली वाकला, मळवलीस हलविण्यात आला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यातलेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या स्वाधीन झाला. श्लायशर यांनी चित्रांच्या जोडीस मालावर चिकटविण्याची लेबले व जाहिराती छापण्याचे काम धरले, आणि छापखाना चालता ठेवला. चित्रकाराच्या प्रतिभेत उणीव नव्हती. उणीव होती ती रोजच्या फुटकळ कामाची, आणि ते मिळविण्याची बुद्धी यंत्रावर हात बसलेल्या माणसास आधी सुचली.

म्हणून या कारखानदारांच्या सामग्रीची यादी करावयाची झाल्यास यंत्राचे नाव बरेच खाली घालावे लागेल. गणपत कृष्णाजींनी लाकडी यंत्रावर आरंभ केला, आणि जावजींचे भांडवल म्हणजे खिळे घासून तयार झालेली नजर होती. त्यांनी रसिकांची कृपा गृहीत धरली नाही, तर रसिक नसलेल्या सामान्य माणसाची गरज प्रथम भागविली, आणि त्यातून उरलेल्या सामर्थ्याने रसिकांसाठी उत्तम ग्रंथ काढले. कलेचा धंदा करणाऱ्याने किरकोळ कामास कमी लेखू नये, हे त्यांनी उपदेशाने नव्हे, तर आपल्या वह्यांच्या शिल्लक बाजूने सिद्ध केले.