बारशाआधीचे दहा दिवस

मराठीतील आत्मचरित्रे ओळीने वाचत गेल्यास एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. चरित्रनायकाचा जन्म एखाद्या वाक्यात उरकतो, कुळाची हकिकत दोन-तीन पानांत येते आणि त्यानंतर एकदम मुंज तरी होते, नाही तर शाळेत नाव तरी घातले जाते. मधली सहा-सात वर्षे कोठे गेली, हा प्रश्न लेखकाला पडत नाही आणि वाचकालाही पडत नाही. कारण उघड आहे. ती वर्षे स्वतः लेखकाला आठवत नसतात. आणि ज्यांना आठवत होती त्या आया, आज्या, आत्या आणि मावश्या बहुधा लिहीत नव्हत्या.

मग त्या वर्षांचा इतिहास लिहायचा तो कशावरून? आम्हांस असे वाटते की, त्याची एक साधनसामग्री आपल्या डोळ्यांसमोरच आहे, फक्त तिला साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नाही. पाचवी, बारसे, उष्टावण, जावळ, बोरन्हाण, पाटीपूजन, मुंज ही मुलग्याच्या वाढीतील टप्प्यांची मालिका म्हणजे घराने राखलेली एक नोंदवहीच आहे. धर्मशास्त्राच्या अंगाने या संस्कारांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यांच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहण्याचा विचार आहे : हे सोहळे नेमके त्याच वेळी का होत, त्यांना कोण जमत असे आणि जमलेली माणसे कशाची धास्ती बाळगून असत?

सटवाईची रात्र

बाळंतिणीच्या खोलीत पाचव्या (काही घरांत सहाव्या) रात्री पाटा-वरवंट्याची पूजा होते. जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत आहे. घरातील बायका ती रात्र जागून काढत. आता हीच रात्र का? नवजात अर्भकाला होणारा धनुर्वात साधारणपणे जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान प्रकट होतो. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली की त्या जखमेतून त्याचे जंतू शिरतात. चांगले दूध ओढणारे मूल अचानक तोंड उघडेनासे होते, ताठरते आणि जाते. जंतूंचे ज्ञान नसलेल्या पिढ्यांना कारण ठाऊक नव्हते. परंतु घात कोणत्या दिवसांत होतो हे त्यांनी अचूक हेरलेले होते. सटवाईची कथा त्या निरीक्षणावर रचलेली आहे असे सिद्ध करता येणार नाही. तरीही जागरणाची रात्र आणि धोक्याची रात्र एकमेकींच्या इतक्या शेजारी असाव्यात, हा केवळ योगायोग मानणे आम्हांस अवघड जाते.

बाराव्या दिवशी बारसे. धोक्याचे बहुतेक दिवस उलटल्यावर मुलाला नाव मिळते, आणि नाव मिळाले की ते मूल घराचे, भावकीचे, गावाचे होते. त्याआधी ते केवळ आईचे असते. या हिशेबात एका मुलाची गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वेळेवर वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत, ही खंत त्यांच्या वैद्यकीच्या ओढीमागे होती. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या चरित्राकडे पहिली भारतीय स्त्री डॉक्टर म्हणून पाहण्याचा आपला परिपाठ आहे, आणि तो योग्यच आहे. पण त्या प्रबंधाच्या विषयामागे बारशापर्यंतही न पोहोचलेले एक मूल आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या विषयाची निवड निराळी दिसू लागते. ज्या प्रश्नाला घर जागरणाने उत्तर देत होते, त्याला एका आईने शास्त्राने उत्तर शोधू पाहिले.

धास्तीचे पंचांग

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात जन्मलेल्या हजार मुलांपैकी दोनशेहून अधिक मुले पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत. ही संख्या मनात धरून श्रावणाकडे पाहावे. श्रावणात घरोघर जिवतीचा कागद भिंतीवर लागतो आणि शुक्रवारी तिची पूजा होते. मुलेबाळे खेळवणारी ही देवता मुलांच्या आयुष्यासाठीच पुजली जाते. महिन्याच्या शेवटी येते पिठोरी अमावास्या. तिची कहाणी ज्या बाईची आहे तिची मुले दर वर्षी जन्मतात आणि मरतात. त्या दिवशी आई पक्वान्नांचे वाण डोक्यावर धरून, मुलांकडे पाठ करून विचारते, ‘अतीत कोण?’ आणि मागून मूल आपले नाव सांगते. आज हा खेळ गमतीचा वाटतो. पण पाठमोऱ्या आईला उत्तर येईल की नाही, हा प्रश्न एके काळी खरोखरीचा होता. कोजागरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळण्यातही तोच भाव आहे. ज्या घरात पहिले मूल तगले, त्या घराने त्याचे तगणे दर वर्षी साजरे केले.

नावांचेही तेच. धोंडू, दगडू, केरू ही नावे जुन्या वह्यांत किती तरी आढळतात. आधीची मुले गेली असली की पुढच्या मुलाला मुद्दाम हीन नाव ठेवायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावरून घसरेल, अशी चाल होती. कौतुक लपवून ठेवणे हीच तेथे कौतुकाची रीत झाली होती.

या धास्तीतील सर्वांत मोठी धास्ती देवीच्या रोगाची. आपल्या भाषेने रोगालाच ‘देवी’ म्हटले आणि पुढे प्रतिबंधक लस आली तेव्हा तिलाही ‘देवी काढणे’ हेच शब्द लावले. देवी टोचून घेतलेला पहिला जीव या देशात मुंबईचाच होता : १४ जून १८०२ रोजी अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस दिली गेली. मुलग्यांच्या जिवासाठी झुरणाऱ्या समाजाला मिळालेले हे संरक्षण प्रथम एका मुलीच्या दंडातून पुढे सरकले, हे नमूद करण्याजोगे आहे. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने टोचणी सक्तीची झाली. भारतातला हा रोग १९७५ साली संपला. त्याआधी जन्मलेल्यांच्या दंडावरचे वण म्हणजे एका लुप्त झालेल्या टप्प्याची खूण आहे.

जमणे कशासाठी?

सगळेच सोहळे भयापोटी झाले, असे मात्र म्हणता येत नाही. मुलग्याचे उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, मुलीचे पाचव्या किंवा सातव्यात, असा प्रघात आहे. मुलगा सहा महिन्यांचा होतो तेव्हा त्याला आईच्या दुधाबरोबर अन्नाची गरज लागते, हे आजचे बालरोगतज्ज्ञही सांगतात. बोरन्हाणात काळे झबले, हलव्याचे दागिने घातलेल्या मुलावर बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि चुरमुरे ओततात. खाली बसलेली शेजारपाजारची मुले त्यांवर तुटून पडतात. येथे उत्सवमूर्ती एक असली तरी लूट सर्वांची असते. हा सोहळा आम्हांस विशेष प्रिय वाटतो, कारण त्यात मुलाला ऐश्वर्य मिळते ते वाटून टाकण्यासाठीच.

या मेळाव्यांत नात्यांची कामे वाटलेली असतात. नाव आत्याने ठेवायचे, जावळ मामाच्या मांडीवर काढायचे, उष्टावणाचा पहिला घास बहुधा मामानेच भरवायचा. आत्या ही बापाकडची, मामा हा आईकडचा. प्रत्येक टप्प्यावर कोणाला तरी सर्वांसमक्ष मुलाशी बांधून घेतले जाते. आईबाप अल्पायुषी असण्याच्या काळात याचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. उद्या हे मूल पोरके झाले तर त्याला सांभाळायचे कोणी, याची वाटणी आजच पेढे वाटून झालेली असे. रामजी आणि भीमाबाई आंबेडकर यांच्या चौदाव्या अपत्याचे, भीमरावांचे, उदाहरण घ्यावे. आई वारली तेव्हा ते पाच वर्षांचे होते. त्यांना पुढे वाढवले ते आत्या मीराबाईंनी.

एकाच ताटातील शेवटचे जेवण

या मालिकेतील सर्वांत गाजावाजाचा टप्पा मुंजीचा. त्यातील मंत्रांपेक्षा मातृभोजनाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. मुंजीच्या दिवशी बटू आईबरोबर एकाच ताटात जेवतो, आणि हे असे जेवण अखेरचे मानले जाते. त्यानंतर तो पुरुषांच्या पंगतीचा. आठ वर्षे ज्या बाईने त्याला राखले, तिच्या ताटातून त्याला उठवणारा हा विधी आहे. आत्मचरित्रे मुंजीपासून सुरू होतात याचे कारणही येथे सापडते : बाईच्या जगातून बाहेर पडल्यावरच मुलाचे आयुष्य सांगण्याजोगे झाले, असे त्या लेखनाने गृहीत धरले.

हे गृहीतक मोडले ते साने गुरुजींनी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची भावुकता हा टीकेचा ठरलेला विषय आहे आणि ती टीका सर्वस्वी चुकीची नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्या पुस्तकाने केलेली गोष्ट मोठी आहे. संस्काराचा अर्थ त्याने भटजींच्या पोथीतून काढून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर आणून ठेवला. पोहायला जाण्याची भीती, लग्नात घेतलेली दक्षिणा, अळणी झालेली भाजी, ओल्या पायांना लागू नये असे वाटणारी माती, हे तेथील टप्पे आहेत. त्यांना मुहूर्त नाही, आमंत्रण नाही, साक्षीला जमलेले कोणी नाही. मुलगा घडतो तो सोहळ्यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत, असे हे पुस्तक सांगते. आणि घडवणारी बाई त्याच्या केंद्रस्थानी उभी राहते.

मुंज नसलेल्यांचा टप्पा

येथवरचे विवेचन एका मर्यादित समाजाचे आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. सटवाई आणि जावळ बहुतेक साऱ्या जातींत आहेत, मुंज नाही. ज्यांना मुंज नव्हती त्यांच्या घरी मुलग्याच्या आयुष्यातील मोठा टप्पा कोणता? दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने याचे उत्तर एकमुखाने देतात : शाळेत नाव घालणे. मात्र त्या टप्प्याला मेळावा नव्हता. असलाच तर विरोधकांचा होता. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) मुलगा शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीतली पोरे आजारी पडतात. दोष शाळेला दिला जातो. नव्या टप्प्याची ही जुनीच धास्ती आहे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) याच काळाकडे बायकांच्या बाजूने पाहते, आणि उपाशी बाळंतिणीच्या झोपडीत सोहळ्याचा प्रश्नच कसा उद्भवत नाही हे दाखवते. बारशाचे कौतुक करताना हे पुस्तक हाताशी असावे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढले. त्या दिवशी कोणी पेढे वाटले असतील की नाही, कोण जाणे. पण २०१७ साली महाराष्ट्र शासनाने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचे ठरवले. एका मुलाच्या शाळाप्रवेशाला इतका मोठा मेळावा एकशेसतरा वर्षांनी लाभला. मात्र याच मुलाने पुढे बाप म्हणून काय सोसले, तेही विसरता येत नाही. बाबासाहेब आणि रमाबाई यांच्या पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे जगले. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा बाप परदेशी पदव्या मिळवलेला बॅरिस्टर होता. धास्तीचे पंचांग विद्येने एकदम मागे पडले नाही.

मोजले कोणाला?

ते मागे पडले ते हळूहळू आणि सर्वत्र सारखे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत खेड्यातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्यास शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. बाळंतिणीच्या खोलीत जागणारी बाईच येथेही आहे. फरक इतकाच की, तिच्या हाती आता वजनकाटा, तापमापक आणि औषध आहे. सटवाईच्या कोऱ्या कागदावर ती स्वतः नोंद करू लागली. २००१ साली राज्यातील बालमृत्यूंवर निघालेल्या अहवालाचे ‘कोवळी पानगळ’ हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवावे असे आहे.

भय कमी झाले, तसे सोहळे वाढले. पण पेढे आणि बर्फी यांतला भेद ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला, त्याने वाचण्याची साधने हाती आल्यावर काय केले? २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ साली ८९४. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा याच राज्याने १९८८ साली केला होता, तरीही हे झाले. मुलग्याचा प्रत्येक टप्पा साक्षीने साजरा करणाऱ्या घरांत मुलीचा पहिलाच टप्पा साक्षीविना पुसला गेला.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांना आमची एक सूचना आहे. आत्मचरित्र शिकवताना त्याची पहिली दहा पाने विद्यार्थ्यांकडून सावकाश वाचून घ्यावीत. नायकाच्या आधी किती भावंडे गेली, नाव कोणी ठेवले, बहिणीचा उल्लेख किती ओळींत संपतो आणि मुंज किंवा शाळा येण्याआधी आई किती वेळा बोलते, याची मोजदाद करावी. जी वर्षे लेखकाला आठवत नाहीत, ती कोणी तरी जागून काढलेली असतात. तिच्या जागरणाचा माग त्या पानांत कोठे ना कोठे लागतोच.