त्रिगुण : तत्त्वाकडून शेऱ्याकडे

'सात्त्विक', 'राजस' आणि 'तामसी' हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत, की ते एका दर्शनाच्या परिभाषेतून आले आहेत याचे भान सहसा राहत नाही. परिभाषा व्यवहारात उतरते तेव्हा तिच्या आशयाचे काय होते, हा प्रश्न या शब्दांच्या निमित्ताने विचारण्याजोगा आहे.

ईश्वरकृष्णाच्या 'सांख्यकारिके'त सत्त्व, रज आणि तम हे प्रकृतीला चिकटलेले धर्म नव्हेत. ते तिचे घटकच होत. लघुत्व व प्रकाश सत्त्वाचे, चलन रजाचे, गुरुत्व व आवरण तमाचे. परस्परविरोधी असूनही ते दिव्याप्रमाणे एकत्र कार्य करतात. वात, तेल व ज्योत अशी त्या दृष्टान्ताची फोड टीकाकारांनी केली आहे. या मांडणीत निव्वळ सात्त्विक किंवा निव्वळ तामस असे काही संभवतच नाही. तमाशिवाय स्थैर्य नाही, रजाशिवाय कृती नाही.

गीतेच्या चौदाव्या अध्यायात हे मिश्रण जागे आहे. सतराव्या-अठराव्यात मात्र श्रद्धा, आहार, दान, कर्ता यांची त्रिविध वर्गवारी येते. 'ज्ञानेश्वरी'ने (1290) ती मराठीत आणली. 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकात रज, तम व सत्त्व यांना स्वतंत्र समास मिळाले, आणि तेही मूर्खलक्षण व पढतमूर्ख यांच्या पंक्तीत. परंपरेनुसार हा ग्रंथ सह्याद्रीपलीकडील शिवथरघळीत सिद्ध झाला. रामदासांचा अखेरचा काळ (1676 ते 1682) मेढ्यापासून जवळच असलेल्या सज्जनगडावर गेला. रामदासांचा हेतू साधकाच्या आत्मपरीक्षणाचा होता. परंतु लक्षणांची यादी हाती आली, की ती आरशाऐवजी शेजाऱ्यावर रोखणे सोपे असते.

याची कसोटी आहारात लागते. गीतेच्या वर्गवारीत शिजवून प्रहर लोटलेले आणि उष्टे अन्न तामस ठरते. जावळी खोऱ्यात पहाटे थापलेली नाचणीची भाकरी शेतावर दुपारी सोडली जाते. उरलेली दुसऱ्या दिवशी न्याहारीला येते. अक्षरशः पाहता कष्टकऱ्याचे नित्याचे अन्नच तामस. उलट, पतीच्या उष्ट्या ताटात जेवणे हे मात्र स्त्रीचे पुण्य मानले गेले; तेथे उष्ट्याचा निकष कोणी लावला नाही. म्हणजे निकष गुणाचा नव्हे, प्रतिष्ठेचा होता. गीतेच्या त्या श्लोकांत कांदा-लसणाचा नामोल्लेखही नाही. तरी आज 'सात्त्विक जेवण' म्हटले, की प्रथम तोच वर्ज्य पदार्थ आठवतो.

लोकभाषेने मात्र या उतरंडीला निमूट मान दिलेली नाही. दर्शनात दुःखकारक असलेले 'राजस' मराठीत देखणे, सुकुमार झाले. 'राजा'शी असलेले ध्वनिसाम्य त्यामागे असावे. 'औषधाचा गुण आला' यात गुण म्हणजे परिणाम; आणि 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' या म्हणीत गुण संसर्गाने बदलतो, जन्माने ठरत नाही. लोकमानसाची ही समजूत उत्तरकालीन वर्गवारीपेक्षा सांख्यांच्या परिणामवादाला अधिक जवळची आहे.

टिळकांनी 'गीतारहस्या'त (1915) त्रिगुणांचा विचार सृष्टीच्या उभारणीच्या संदर्भात पुन्हा मांडला. मराठी समीक्षेनेही पात्रांना सात्त्विक वा तामसी ठरवण्याआधी त्या मूळ आशयाकडे पाहावे. गुण हा माणसावर मारलेला शिक्का नव्हे. त्याच्यात चाललेली घडामोड आहे.