दार कोणाचे ऐकते? असीरगड, थाळनेर आणि आजची 'स्मार्ट' कुलुपे

थ्रेड. विषय रूक्ष वाटेल: इमारतीच्या दारांना नेटवर्कवर चालणारी प्रवेश-नियंत्रण यंत्रणा बसवायची असेल, तर ती निवडावी कशी? आता सावद्यासारख्या गावातही पतसंस्था, अभ्यासिका, वसतिगृहे यांच्या दारांवर कार्ड आणि बोटांचे ठसे वाचणारी यंत्रे दिसू लागली आहेत. विक्रेता किंमत सांगतो, ॲप दाखवतो. पण जे प्रश्न त्याला विचारायला हवेत, ते आपल्या तापीखोऱ्यातील दोन किल्ल्यांच्या दारांवर शतकांपूर्वीच विचारले गेले आहेत, आणि चुकीच्या उत्तरांची किंमत तिथे रक्ताने मोजली गेली आहे.

सावद्याहून रावेरमार्गे बऱ्हाणपूर, आणि तिथून उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर असीरगड. दक्षिणेत उतरणाऱ्या वाटेवरचा हा पहारेकरी. १३९९ मध्ये मलिक राजा फारुकी वारला आणि त्यानंतर लवकरच त्याचा पुत्र मलिक नासीर याने हा गड आसा अहीराकडून घेतला. कसा घेतला, ते फरिश्ता सांगतो. शत्रूचे भय आहे, माझ्या घरच्या स्त्रियांना गडावर आश्रय द्यावा, अशी विनंती नासीरने केली. पहिल्या दिवशी आलेल्या डोल्यांत खरोखरच स्त्रिया होत्या. दुसऱ्या दिवशी २०० डोल्या आल्या आणि त्यांत सशस्त्र शिपाई बसलेले होते. स्वागताला आलेला आसा आपल्या मुलांसह मारला गेला.

ही कथा जशीच्या तशी स्वीकारू नये, असे माझे मत आहे. फरिश्ता घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहितो, आणि शेरशहाने रोहतासगड घेतल्याची हकीकतही अगदी याच डोल्यांनी सांगितली जाते. तरीही कथा टिकली, कारण तिच्यातील दोष सर्वांना ओळखीचा होता. पहाऱ्याने डोली ओळखली, डोलीतला माणूस ओळखला नाही. आजचे साधे कार्ड म्हणजे अशीच एक डोली होय. ते कोणाच्या खिशात आहे, हे दाराला ठाऊक नसते. पैशांच्या किंवा दप्तराच्या खोलीला कार्डासोबत परवलीचा अंकही हवा, तो याचसाठी. 'परवली' हा शब्द आपल्याकडे पासवर्डच्या कितीतरी आधीपासून आहे, हे जाता जाता.

आता १६०० साल. अकबराचा वेढा पडलेला. फारुकी घराण्याचा शेवटचा सुलतान बहादूर गडाखाली उतरला आणि मुघलांच्या ताब्यात अडकला. धनी शत्रूच्या हाती. मग गड उघडायला हवा होता. पण तो लगेच उघडला नाही. बंदिवान धन्याची आज्ञा ही धन्याची आज्ञाच नव्हे, अशी आतल्या सरदाराची भूमिका जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तान्तात दिसते. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. मुघल बाजू आतल्या रोगराईचे कारण देते, तर पाद्री सोन्याचे. मला स्वतःला त्या सरदाराच्या नकारात अधिक रस आहे. आजच्या काही यंत्रणांत धाकदपटशाखाली दाबायचा वेगळा अंक ठेवता येतो: दार उघडते, पण त्याच वेळी दुसरीकडे इशाराही जातो. असीरच्या पहाऱ्याला तो फरक अंकाविना, केवळ परिस्थितीवरून करावा लागला.

याच गडाचे १८१९ मधले प्रकरण तर सरळ 'नेटवर्क'चेच आहे. नागपूरचे आप्पासाहेब भोसले आश्रयासाठी इकडे आले होते. गड दौलतराव शिंद्यांचा, किल्लेदार यशवंतराव लाड. गड इंग्रजांच्या हवाली करावा, ही शिंद्यांची उघड आज्ञा. तरीही दार बंदच राहिले. १८ मार्चला वेढा सुरू झाला आणि ९ एप्रिलला गड पडला. त्यानंतर शिंद्यांचे एक पत्र उजेडात आले: आप्पासाहेब सांगतील तसे करावे. एकाच धन्याच्या दोन आज्ञा दोन वाटांनी एका दारापाशी पोहोचल्या होत्या. त्या पत्राचे निमित्त पुढे करून कंपनीने असीरगड स्वतःकडेच ठेवला.

म्हणून विक्रेत्याला विचारावे: दार उघडण्याचा निर्णय कोठे होतो? दूरच्या सर्व्हरवर, की दाराजवळच्या नियंत्रकात? नेटवर्क तुटले तर नियंत्रकाकडे परवानगीधारकांची स्वतःची यादी असते का? काढून टाकलेल्या माणसाचे नाव त्या यादीतून किती वेळात जाते? आणि हुकूम देऊ शकणारे किती जण आहेत? शिवकाळात या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर रचनेतच होते. सभासद गडावरील हवालदार, सबनीस, सरनोबत अशी विभागणी सांगतो. गड कोणा एकाच्या मर्जीवर राहू नये, हा तिचा हेतू.

शेवटी थाळनेर. तापीच्या काठी, शिरपूर तालुक्यात. फारुकींची पहिली राजधानी. महिदपूरच्या पराभवानंतर ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने होळकरांनी हा भाग कंपनीला दिला. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप सैन्यासह आला, तेव्हा किल्ल्यावरून गोळीबार झाला. प्रतिकार कराल तर बंडखोर समजू, असा इशारा त्याने किल्लेदार तुळशीराम मामा यास दिला आणि तोफा लावल्या. दारामागे दार, अशी ती वाट होती. बाहेरची दारे पार होत असता किल्लेदार स्वतः दिंडीतून बाहेर आला आणि इंग्रजांच्या स्वाधीन झाला.

आतल्या दारापाशी अरब शिपाई होते. बोलणे सुरू झाले, पण एकमेकांची भाषा कळेना. शिपायांना अटी हव्या होत्या. अधिकारी समजले की शरणागती झालीच आहे. दिंडी उघडली. काही अधिकारी थोडक्या माणसांसह वाकून आत शिरले, आणि तिथेच कापाकापी झाली. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर ठार झाले. मग बाहेरचे सैन्य आत घुसले आणि सुमारे ३०० जणांच्या शिबंदीची कत्तल झाली. त्याच दिवशी तुळशीराम मामाला फाशी दिले गेले. दिंडीत रक्त सांडले तेव्हा तो बाहेर, इंग्रजांच्याच ताब्यात होता. १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेने हिस्लॉपच्या सैन्याचे आभार मानले, पण या फाशीला ती संमती समजू नये, अशी तजवीज करून.

थाळनेरची शिबंदी जिथे अडकली, तिथे बाहेर जायची दुसरी वाट नव्हती. वसतिगृहासाठी यंत्रणा घेताना मी हा प्रश्न सर्वांत आधी विचारेन: वीज गेली, आग लागली, तर कुलूप उघडे पडते की बंद राहते? चुंबकीय कुलूप वीज जाताच सुटते. विजेवर चालणारे काही खटके मात्र बंदच राहतात. तिजोरीच्या खोलीला दुसरा प्रकार चालेल. माणसे झोपतात त्या दाराला आतून बाहेर पडण्यासाठी कार्ड, ठसा, सर्व्हर, यांपैकी कशाचीच गरज पडता कामा नये.

पुढचा थ्रेड थाळनेरच्या फारुकी कबरींवर.