पूर्ववाचन व शोधशब्द

पूर्ववाचन व शोधशब्द : संशोधनास हात घालण्यापूर्वी विषयाची व्याप्ती, त्यातील मतभेद व परिभाषा यांचा परिचय करून देणारे जे प्राथमिक वाचन करावयाचे त्यास पूर्ववाचन, आणि त्यातून हाती येणाऱ्या, ग्रंथसूची, दप्तरे वा संगणकीय सूची धुंडाळण्यास उपयोगी पडणाऱ्या संज्ञांस शोधशब्द म्हणतात.

पूर्ववाचनाचा आरंभ कोशवाङ्मयापासून, उदाहरणार्थ केतकरांच्या २३ खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशापासून, करून पुढे विषयावरील स्वतंत्र ग्रंथांकडे व त्यांच्या संदर्भसूचींकडे वळणे श्रेयस्कर होय. पेशवेकालीन पुण्याच्या जलव्यवस्थेचा अभ्यासक केवळ ‘पाणीपुरवठा’ हा आधुनिक शब्द घेऊन दप्तरात शिरला, तर बहुतांशी रिक्तहस्ते परतेल. परंतु नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून शहरात नळ आणून हौद भरले जात, हे पूर्ववाचनाने एकदा कळले, की ‘कात्रज’, ‘तलाव’, ‘नळ’, ‘हौद’ हे शब्द आपोआप सिद्ध होतात, आणि गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांसारख्या विस्तीर्ण साधनसंग्रहातही शोधास निश्चित दिशा लाभते.

शोधशब्दांत पर्यायी शब्द, लेखनभेद, जुन्या इंग्रजी सूचींतील ‘पूना’सारखी रूपे, तसेच कागदांवरील शुहूर व शक कालगणनेतील वर्षे यांचा समावेश अवश्य करावा. नोंदी अतोनात निघाल्यास दोन शब्द जोडून शोध आकुंचित करावा, अल्प निघाल्यास व्यापक संज्ञा योजावी, आणि कोणत्या शब्दाने कोठे काय मिळाले याची तपशीलवार टिपणवही ठेवावी. कारण वाचनाने शब्द व शब्दांनी वाचन वाढत जाऊनच संशोधनाचा मूळ प्रश्न नेमका होतो.